स्वतःच्या मालकीचे वाहन

सोलापूर,
६ मे १९७३

ती. रावजीमामांना,

मुक्ताचा नमस्कार. तुमच्या विहिरीला यंदा पाणी किती राहिलंय ते कळवा. इथे नळाला एक दिवसाआड येतं, आणि वॉर्डात तर पिंपं भरून ठेवावी लागतात.

पत्राचं कारण तुमच्या जुन्या खात्यातलंच आहे. गेल्या वर्षी मी इन्चार्ज सिस्टर झाले आणि माझा पगार पहिल्यांदाच आयकराच्या हद्दीत गेला. दवाखान्याच्या ऑफिसातून फॉर्म मिळालाय. बाकी सगळं भरलं, पण एका रकान्याशी अडले. नोकरीसाठी येण्याजाण्याच्या खर्चाची वजावट, असं तिथं लिहिलंय. माझी ड्यूटी सकाळी सातची. सात रस्ता चौकाच्या पुढं आपलं घर, तिथून पहिली बस सहाला सुटते. ती चुकली की टांगा, आणि टांगा मिळाला नाही की पाय. बसची तिकिटं मी वर्षभर जपून ठेवलीत, टांगेवाला मात्र पावती देत नाही. तर हा खर्च लावता येतो का, आणि तिकिटं फॉर्मला जोडायची का, एवढं सांगा.

दादा आणि केरावहिनी बरी आहेत. दादाच्या गिरणीत टाइमकीपरच्या ऑफिसात जानेवारीपासून नवे साहेब आलेत, त्यामुळे तो जरा गडबडीत असतो.

तुमची,
मुक्ता


नातेपुते,
११ मे १९७३

चि. मुक्ता,

आशीर्वाद. विहिरीत दोन पुरुष पाणी आहे, तेवढ्यावर लिंबं जगवतो आहे.

आधी ती तिकिटं बंबात घाल. आमच्या खात्याला तुझी तिकिटं नकोत. या वजावटीचा हिशेब खर्चावर चालत नाही, ठरवून दिलेल्या रकमेवर चालतो. स्वतःच्या मालकीची मोटार नोकरीसाठी वापरत असलीस तर सगळ्यात जास्त, स्कूटर असली तर त्याहून कमी, आणि यातलं काहीच नसलं तर 'इतर' म्हणून आणखी कमी. घर ते दवाखाना हे जाणंयेणं यात धरतात. तुला 'इतर' मधलं मिळेल. तुझ्या दादाला, हिंदुरावाला, मी दोन वर्षं स्कूटरची वजावट लावून देतोय, त्याचा फॉर्म मीच भरतो. तो अधूनमधून जाताजाता तुला सोडत असेलच, तर तुझा टांग्याचा खर्चही वाचतोय म्हणायचा.

नेमाप्रमाणं विचारायचं म्हणून विचारतो, तुझ्या नावावर कसलं वाहन नाही ना? नसेल तर पुढच्या पत्राबरोबर फॉर्म पाठव, तपासून देतो.

रावजीमामा


सोलापूर,
१६ मे १९७३

ती. मामा,

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाहीतर ही गोष्ट माझ्या डोक्यातही आली नसती.

कागदावर वाहन आहे. दादा चालवतो ती स्कूटर माझ्या नावावर आहे. सहासष्ट साली आबांनी पोस्टात अनामत भरून स्कूटरसाठी नंबर लावला होता. दादा सांगतो की आबांनी दोघांच्याही नावानं लावला होता, म्हणजे ज्याचा आधी येईल त्याचा येईल. सत्तर साली माझा नंबर आला तेव्हा आबा नव्हते. त्यांच्या मागं राहिलेल्या पैशांतून स्कूटर घेतली, आर. टी. ओ.त सही मी केली, आणि चावी दादानं घेतली. त्यात कुणाला काही वाटलं नाही. मला स्कूटर येत नाही, आणि पांढऱ्या साडीत ती चालवणार तरी कशी?

दादा मला सोडत नाही, पण त्यात त्याचा दोष नाही. त्याचं ऑफिस नऊला, माझी ड्यूटी सातला.

तर मी रकान्यात काय लिहू? आणि मामा, मी हे विचारलं असं दादाला कळवू नका. उगाच त्याला वाटेल की मी काही मागतेय.

मुक्ता


नातेपुते,
२ जून १९७३

चि. मुक्ता,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचून मी दोन-तीनदा लिहायला बसलो आणि उठलो.

हिंदुरावाच्या फॉर्मवर 'स्वतःच्या मालकीची स्कूटर' हे शब्द माझ्या अक्षरात आहेत. एकदा नव्हे, दोन वर्षं. तीस वर्षं मी दुसऱ्यांचे फॉर्म तपासले. माणूस ओळखीचा असला तरी आधी गाडीच्या नोंदणीचं बुक दाखव म्हणायचो. माझ्या सख्ख्या भाच्याला मात्र मी बुक मागितलं नाही. रक्कम फार मोठी नाही. पण ती भरणारा हात माझा आहे, हे मला टोचतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. मालकी आणि वापर दोन्ही एकाकडे असले तरच स्कूटरची वजावट. तुझ्याकडे मालकी आहे, वापर नाही. त्याच्याकडे वापर आहे, मालकी नाही. म्हणून तुम्ही दोघंही 'इतर' मध्ये.

तू सांगू नका म्हणालीस, पण ते मला जमणार नाही. आकारणी अजून व्हायची आहे तोवर चूक आपणहून दुरुस्त करता येते. मी आजच हिंदुरावाला पत्र टाकलंय. तुझं नाव घेतलेलं नाही, फक्त गाडीचं बुक पाठव म्हटलंय. त्याला कळायचं ते कळेल.

रावजीमामा


सोलापूर,
१२ जून १९७३

ती. मामा,

त्याला कळलं.

रागावला नाही. जेवण पुरं केलं. हात धुऊन आला आणि आर. टी. ओ.चा एक छापील कागद माझ्यापुढं ठेवला. मालकी बदलायचा फॉर्म होता तो. म्हणाला, नुसती सही कर, म्हणजे पुढचा घोळ मिटेल. मागचं मामा निस्तरतील. आणि खरं सांगते, त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. तीन वर्षं तोच गाडी पुसतो, तोच दुरुस्त करून आणतो. मी तिला हातसुद्धा लावलेला नाही.

मी पेन उघडलं, आणि मला एक सकाळ आठवली. तुम्हाला हे कधी लिहिलं नव्हतं. फेब्रुवारीत बसवाल्यांचा संप होता, टांगेही भरून जात होते. मी चालत निघाले. वॉर्डात एका बाईचं ऑपरेशन होतं, खेड्यातली होती, घाबरली होती. मी तिला म्हटलं होतं की तुला आत नेईपर्यंत मी तुझ्याजवळ असेन. अर्ध्या रस्त्यात मागून आपल्या स्कूटरचा आवाज आला. आवाज ओळखीचा असतो. दादा होता, मागं कुणीतरी बसलं होतं. त्या दिवशी त्याला कशाला लवकर जायचं होतं कोण जाणे. तो माझ्या शेजारून गेला. उजेड पुरता झाला नव्हता, त्यानं पाहिलं नसणार. मी पोचले तेव्हा त्या बाईला आत नेलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. पण शुद्धीवर आल्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

एवढंच. मी पेन बंद केलं आणि दादाला म्हटलं, विचार करून सांगते.

केरावहिनींनी ताटं उचलताना मला हळूच विचारलं, "वन्सं, सही केली का?" मी नाही म्हटलं. त्या ताटं घेऊन मोरीकडे गेल्या.

मी चुकतेय का, ते सांगा.

मुक्ता


नातेपुते,
१७ जून १९७३

चि. मुक्ता,

चूक की बरोबर हे मी सांगणार नाही. कायद्यातलं तेवढं सांगतो. तू सही केलीस तर त्या दिवसापासून गाडी त्याची, आणि त्या दिवसापासून वजावटही त्याची. नाही केलीस तर गाडी तुझी, पण वापरल्याशिवाय तुला काही मिळणार नाही.

कायद्याबाहेरचं एक विचारतो. हिंदुराव म्हणतो ना की आबांनी दोघांच्या नावानं अनामत भरली होती? मग त्याचाही नंबर सात वर्षांत आला असेल किंवा आता येईल. त्याची पावती शोधा म्हणावं. घरात दोन स्कूटर आल्या तर सहीचा प्रश्नच उरत नाही.

मी एकोणतीसला सोलापुरात येतोय, दुरुस्तीचे कागद द्यायला. मुक्काम करणार नाही.

रावजीमामा


सोलापूर,
२६ जून १९७३

ती. मामा,

तुम्ही येण्याआधी हे पत्र पोचावं म्हणून घाईत लिहितेय. इथं आल्यावर दादाला पावतीबद्दल काही विचारू नका.

मी त्याला तुमचं म्हणणं सांगितलं. मला खरंच वाटलं होतं की तो खूश होईल. मी म्हटलं, दादा, तुझा नंबर केव्हाही येईल, पावती काढून ठेव. तो खाली बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधलेली नाडी त्यानं परत सोडली.

"दुसरी पावती नाही, मुक्ता," तो म्हणाला. "एकच होती. आबांनी तुझ्याच नावानं भरली होती."

मी विचारलं, मग दोन आहेत असं का सांगितलंस? तो म्हणाला की आबा गेल्यावर कागदांत ती पावती सापडली, तेव्हा त्याला वाटलं आबांनी चुकून माझं नाव घातलं असेल. मुलीच्या नावावर कोण स्कूटर लावतं? मग नंबर आला. मी सही करताना काही विचारलं नाही, आणि त्यानं सांगितलं नाही. तीन वर्षांत त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मामा, मी नर्सिंगला गेले तेव्हा गावात आबांना काय काय ऐकावं लागलं ते तुम्हाला माहीत आहे. मला सोडायला ते कुर्डुवाडीपर्यंत आले होते. गाडी सुटेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला नेहमी वाटायचं, ते मनातून नाराज होते.

दादानं चावी फळीवर ठेवलीय. चार दिवस झाले, तो जुन्या सायकलवर जातो. मी बसनं जाते. स्कूटर अंगणात उभी आहे, वहिनींनी तिच्यावर जुनं लुगडं टाकलंय.

मुक्ता


सोलापूर,
५ ऑगस्ट १९७३

ती. मामा यांस,

हिंदुरावचा नमस्कार. त्या दिवशी आयकर ऑफिसात कागद देऊन बाहेर आलो तेव्हा तुम्ही मला काही बोलला नाहीत. रसवंतीत बसवून रस पाजलात आणि एस. टी. पकडलीत. चार शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं.

मी गाडी चोरली असं कुणी म्हणत नाही, मुक्ताही म्हणत नाही. तिनं तर सांगितलं की तूच चालव, मी कुठं चालवणार आहे. पण मला आता ती फळीवरची चावी घेववत नाही.

एक गोष्ट मनात आहे ती तुम्हालाच सांगतो. फेब्रुवारीत बसचा संप होता तेव्हाची. आमच्या नव्या साहेबांचा पाहुणा पहाटेच्या गाडीनं आला होता, त्याला स्टेशनवरून आणायचं काम मी आपणहून घेतलं. येताना मला मुक्ता दिसली. पांढरी साडी लांबून दिसते. माझा पाय ब्रेकवर गेलासुद्धा. मग वाटलं, पाहुण्याला भर रस्त्यात उतरवायचं कसं? आणि तो विचारेल की ही कोण, तर बहीण म्हणून सांगायचं आणि ती पायी चाललेली. मी गाडी पुढं काढली. ती संध्याकाळी घरी आली, नेहमीसारखी बोलली. तिला वाटतं मी पाहिलं नाही.

तिला हे सांगू नका.

आपला,
हिंदुराव


नातेपुते,
१० ऑगस्ट १९७३

चि. हिंदुराव,

मी सांगणार नाही. पण हे तू मला सांगून तुझं ओझं हलकं व्हायचं नाही, कारण रस्त्यानं चाललेला मी नव्हतो.

तू वाईट माणूस आहेस असं मला वाटत नाही. तुझ्या फॉर्मवर मीही न बघता लिहिलंच की. आपण दोघांनी एकच चूक केली. जे सोयीचं होतं ते खरं धरलं. माझी मी कागदावर दुरुस्त केली. तुझ्यासाठी तसला कागद आमच्या खात्यात मिळत नाही.

रावजीमामा


सोलापूर,
९ डिसेंबर १९७३

ती. मामा,

पाच महिन्यांत एकही पत्र टाकलं नाही, रागावला असाल. आधी वॉर्डात काविळीची साथ होती, आणि मग जे झालं ते पुरं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. तीस नोव्हेंबरला मला लायसन्स मिळालं.

गणपती झाल्यावर एका रविवारी सकाळी दादानं स्कूटरवरचं लुगडं काढलं आणि मला चल म्हणाला. होम मैदानावर नेलं. तिथं गाडी स्टँडवर लावली, पण शिकवायला काही सुरुवात करेना. मी विचारलं, काय झालं? तेव्हा त्यानं संपाच्या दिवसाचं सांगितलं. त्यानं मला पाहिलं होतं.

तुम्हाला ते ठाऊक होतं, असंही तो म्हणाला. तुम्ही मला कळवलं नाहीत याचा मला राग आला नाही. तुमच्याकडून कळलं असतं तर मी त्याला कधीच क्षमा केली नसती असं वाटतं. तो समोर उभा होता, त्याचे केस अलीकडे पांढरे व्हायला लागलेत ते मला दिसत होते. मी म्हटलं, "दादा, मला त्या दिवशी त्या बाईपाशी पोचायचं होतं रे." तो म्हणाला, "हो." मग त्यानं मला क्लच दाखवला.

शिकायला मला दोन महिने लागले. दोनदा पडले. साडीचा काष्टा घालायचा उपाय वहिनींनी काढला, वॉर्डात शिरताना सोडायचा. पहिल्या दिवशी दवाखान्याच्या फाटकावरचा रखवालदार ज्ञानबा सलाम करायचा विसरून बघतच राहिला. दादा सायकलवरच जातो. मी म्हटलं की आठवड्यातले माझ्या सुटीचे दिवस तरी गाडी ने, तर म्हणतो पेट्रोल काय भावानं झालंय बघतेस ना, सायकल बरी. भाव वाढलेत हे खरंच आहे, म्हणून मीही जास्त आग्रह धरला नाही. पुढच्या सुटीला पुन्हा धरणार आहे.

एक डिसेंबरपासून रोज गाडीनं जाते. सांगा आता, रकान्यात काय लिहू?

मुक्ता


नातेपुते,
७ मार्च १९७४

चि. मुक्ता,

परवा वेळापूरला गेलो होतो, तिथं वर्तमानपत्रात अंदाजपत्रक सविस्तर वाचायला मिळालं. तुझ्या कामाची बातमी आहे. पुढच्या वर्षापासून प्रवासाची, पुस्तकांची असली वेगवेगळी वजावट काढून टाकायचं चाललंय. पगारदाराला पगाराच्या प्रमाणात सरसकट एकच वजावट. स्कूटर असो, बस असो की पायी असो, तुला कुणी विचारणार नाही. मीही कुणाला गाडीचं बुक मागायला नको. एका अर्थी सुटलो, आणि एका अर्थी जरा वाईट वाटलं. तो रकाना मी जन्मभर तपासला.

पण यंदाचा फॉर्म जुन्याच नियमानं भरायचा. डिसेंबर ते मार्च असे चार महिने तुझी मालकी आणि तुझाच वापर आहे. तेवढ्या चार महिन्यांची स्कूटरची वजावट घे, आधीचे आठ महिने 'इतर' मध्ये. आणि या वेळी मी भरणार नाही, तू स्वतः लिही. गाडीचं बुक मात्र मला पाठव. नेमाप्रमाणं बघायला हवं.

रावजीमामा


सोलापूर,
२४ मार्च १९७४

ती. मामा,

गाडीचं बुक रजिस्टर पोस्टानं पाठवलंय, पोचलं की पोच द्या. फॉर्म भरून ठेवलाय. तुम्ही म्हणालात तसं लिहिलं, बारा महिन्यांतले चार. दादाचाही त्याच बैठकीत भरला, त्यानं आपल्या हातानं 'इतर' लिहिलं आणि मला वाचायला दिला.

आजचं सांगायचं म्हणून मुद्दाम लिहायला बसले. आज रविवार, मला सुटी. दुपार कलल्यावर केरावहिनी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काही हवंय का विचारलं तर नाही म्हणाल्या, आणि तिथंच उभ्या. मग म्हणाल्या, "वन्सं, सिद्धेश्वराला जायाचं हुतं. तुमी निगाला असाल तर." मी कुठंच निघाले नव्हते, पण निघालेच आहे म्हटलं.

अंगणात आल्यावर त्यांना कुठं बसायचं, पाय कुठं ठेवायचा, काहीच कळेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं. साडेतीन वर्षं ती गाडी आमच्या अंगणात आहे आणि वहिनी तिच्यावर एकदाही बसल्या नव्हत्या. दादानं नेलं नाही, त्यांनी म्हटलं नाही, आणि मामा, मीही कधी विचारलं नाही. चार महिने मी रोज त्यांच्यासमोरून गाडी काढून नेत होते.

मागं बसल्या त्या दोन्ही हातांनी माझा खांदा धरून. सात रस्त्यापर्यंत त्यांचे हात घट्ट होते. पुढं सैल झाले. तळ्याच्या कडेनं वारा लागला, तसा त्यांनी डोक्यावरचा पदर सावरायचाही सोडला. दर्शन घेतलं, पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या. परत निघालो तेव्हा मी गाडी घराच्या रस्त्याला वळवायला लागले, तर मागून माझ्या खांद्यावर बोट टेकलं.

"येवढ्यात घरी कशाला?" वहिनी म्हणाल्या. "होटगीच्या रस्त्यानं जरा लांब जाऊन येऊ या की."

आम्ही दिवेलागणीला परत आलो. दादानं चहा करून ठेवला होता.

मुक्ता